‘काकू, माझं चुकलं’ म्हणणाऱ्या मुलास

प्रिय,

तुझं नाव कुठे लिहायचं नाही असं तू दोनदा बजावलंस, म्हणून मायन्यात नुसतं ‘प्रिय’ लिहून थांबले. पण पत्र लिहायचं नाही हे मात्र मी ऐकणार नाही. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिणार आहे. माझ्या कॉम्प्युटरसाठी तू जे केलंस ते तुझ्यामाझ्यातच राहिलं तर मला चैन पडायची नाही.

आधी रविवारचं सांगते. रात्री नऊला दादा आणि मी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला बसलो, उठलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. पाच शर्यती झाल्या. एकदाही स्क्रीन काळी पडली नाही, एकदाही गाडी वळणावर गोठली नाही. तिसऱ्या शर्यतीनंतर दादा हेडफोनमधून म्हणाला, “आज तू मध्येच कुठे गेली नाहीस गं.” गेलं वर्षभर मी दर रविवारी मध्येच कुठेतरी जात होते. कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायचा, परत सुरू व्हायचा, आणि मी परत येईपर्यंत शर्यत संपलेली असायची. दादा हजारो किलोमीटर लांब असतो. लहानपणी आम्ही एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचो, बाणांच्या बटणांवर मी आणि अक्षरांवर तो. आता आठवड्यातले हे दोन तासच आमचे. त्यात किती वेळा मी त्याला “थांब, आले” म्हटलंय ते माझं मला माहीत. त्या रात्री कॉम्प्युटर बंद करताना मला रडू आलं, आणि तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं.

तुझ्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दल थोडं लिहिते. ते लिहिल्याशिवाय तू काय केलंस हे वाचणाऱ्यांना कळणार नाही.

दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून मी पैसे जमवले होते. पहिल्या विक्रेत्याला म्हटलं, गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवून हवाय, बजेट एवढं आहे. त्याने विचारलं, “मुलगा कितवीत आहे?” मी म्हटलं, माझ्यासाठीच हवाय. त्यावर तो हसला, आणि त्यानंतर मी काय खेळते, कशावर खेळते, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. ‘आठ कोर आहेत, सगळं चालेल’ एवढ्यावर त्याने मला जोडून दिलं. समोर काच, आत तीन रंगीत पंखे. दिसायला देखणं होतं, मलाही आवडलं होतं. दोन महिन्यांनी भर शर्यतीत तो पहिल्यांदा बंद पडला. परत घेऊन गेले तर “विंडोज खराब झालंय” म्हणून फॉरमॅट मारून दिला, पैसे घेतले. पुन्हा तेच झालं तेव्हा दुसऱ्याने व्हायरस म्हणून फॉरमॅट मारला. तिसरा घरी आला, दहा मिनिटं बसला आणि “प्रोसेसरच बदलावा लागेल” म्हणाला. तिघांनी पैसे घेतले. तिघांपैकी एकानेही कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून आत पाहिलं नाही. आणि शेवटी मी जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं, “तुम्ही वापरता कसं, त्यावर असतं.”

ते वाक्य मी बरेच दिवस मनात धरून होते. आपणच काहीतरी चुकीचं करतोय असं वाटायला लागलं होतं. दादाला तर मी सांगूनच टाकलं होतं की आता पुरे, आपण फोनवर बोलत जाऊ.

तुझ्या आत्याने डब्याच्या सुट्टीत तुझा नंबर दिला तेव्हाही माझ्या मनात फार आशा नव्हती. तुझी परीक्षा आठवड्यावर आली होती हे तिने सांगितलं नव्हतं, तूही सांगितलं नाहीस. ते मला नंतर कळलं, आणि फार वाईट वाटलं. तू फोनवर पहिला प्रश्न विचारलास, “काकू, तुम्ही काय खेळता?” दुसरा प्रश्न, “स्क्रीन केवढी आहे?” बस. कितीचं बजेट हे तू चौथं की पाचवं विचारलंस.

तेव्हा मला कळलं नव्हतं, पण आता कळतंय की सगळं गणित त्या दुसऱ्या प्रश्नातच होतं. माझी स्क्रीन १९२० गुणिले १०८०ची, ६० हर्ट्झची. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके, आणि सेकंदाला साठ चित्रं. तू म्हणालास, ग्राफिक्स कार्डाने, म्हणजे चित्रं काढणाऱ्या भागाने, एक चित्र साधारण साडेसोळा मिलिसेकंदांत काढून दिलं की तुमचं काम झालं. त्याहून भराभर काढलं तरी ही स्क्रीन ते दाखवणारच नाही. फोर-के स्क्रीन असती तर ठिपके चौपट झाले असते आणि कार्डाचा खर्चही भलतीकडे गेला असता. “म्हणून सुरुवात स्क्रीनपासून करायची आणि मागे मागे यायचं,” हे तुझे शब्द. मी ते वहीत लिहून घेतले. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी मला कळेल असं काहीतरी सांगत होतं, आणि मला कळेल हे गृहीत धरून सांगत होतं.

मग तू मला टॅस्क मॅनेजर उघडायला लावलंस आणि मेमरीच्या पानावर वेग किती लिहिलाय ते वाचायला सांगितलंस. मी वाचलं, २१३३. तू विचारलंस, बिलावर काय लिहिलंय? बिलावर ३२०० होतं. तू क्षणभर गप्प झालास, मग म्हणालास, “रॅम तुम्हाला बरोबर दिली आहे, पण बायॉसमध्ये एक्सएमपी कुणी चालूच केलेलं नाही.” बायॉस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारी मदरबोर्डाची सेटिंग्ज, आणि एक्सएमपी म्हणजे रॅमला, म्हणजे मेमरीला, तिच्या पूर्ण वेगाने धावू देणारी त्यातली सोय. वर्षभर माझी रॅम मुकाट्याने कमी वेगाने धावत होती, आणि दोनदा फॉरमॅट मारणाऱ्यांना ते दिसलं नव्हतं. वर ८ जीबीची एकच स्टिक. दोन सारख्या स्टिक लावल्या तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकाऐवजी दोन रस्ते मिळतात, हेही तेव्हाच कळलं.

आणि मग तो पॉवर सप्लाय, आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. हा प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. तू सांगितलंस, वायर काढा, पट्टी उघडा, टॉर्च घ्या आणि लेबल वाचा. मी जमिनीवर बसले, चष्मा कपाळावर सरकवला, मान वाकडी करून आत डोकावले. मोठ्या अक्षरांत ५०० वॉट. मी तेच वाचलं. तू म्हणालास, “ते नको. खाली तक्ता असेल. त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा.” अक्षरं मुंगीएवढी होती. १८ अँपिअर. “आता गुणा काकू.” बारा अठरे दोनशे सोळा.

दोनशे सोळा वॉट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात ते या १२ व्होल्टच्या ताटातून. त्यांनी मला बसवून दिलेलं कार्ड जुन्या पिढीचं, २ जीबी मेमरीचं, आणि भर कामात ते एकटंच १७० वॉटच्या आसपास घेणारं. प्रोसेसर जोरात असला की त्याचे ८८पर्यंत जातात. म्हणजे शर्यत रंगात आली की मागणी अडीचशेच्या पुढे आणि पुरवठा दोनशे सोळा. विंडोज धडधाकट होतं, व्हायरस नव्हता, प्रोसेसर तर उत्तम होता. आणि मी वापरण्यात काहीच चूक केली नव्हती. ते लेबल घरात, माझ्या पायाशी, वर्षभर होतं. तो गुणाकार करून झाल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही, तुला वाटलं फोन कट झाला. अरे, मी तशीच टॉर्च हातात धरून बसले होते. कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं होतं.

काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तू पुढच्या वीस मिनिटांत सांगितलंस. प्रोसेसर, रायझन ७ ३७००एक्स, ठेवायचा. बी४५० मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, ठेवायचा. एसएसडी, म्हणजे खेळ साठवायची डिस्क, ठेवायची, साटा या जुन्या, हळू जोडणीची असली तरी खेळ उघडायला दोनचार सेकंदच जास्त लागतील, त्यासाठी नवी घेऊ नका. कॅबिनेट ठेवायचं. जे चांगलं आहे त्यावर पुन्हा पैसे घालायचे नाहीत, हे तू किती सहज म्हणालास! माझ्या तोवरच्या अनुभवात प्रत्येक जण काहीतरी नवं घ्यायलाच सांगत होता. घ्यायच्या तीन गोष्टी: रॅमची दुसरी स्टिक, चांगल्या घडणीचा ५५० वॉटचा नवा पॉवर सप्लाय, आणि नवं कार्ड. ‘एटी प्लस’चा शिक्का बघून भुलू नका, हेही तेव्हाच सांगितलंस. तो शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही एवढंच सांगतो. आतलं संरक्षण किती भक्कम ते त्यावरून कळत नाही. कार्ड म्हणून तू आरएक्स ६५०० एक्सटी सुचवलंस. माझ्या बजेटात बसत होतं, वीजही १०७ वॉट एवढीच. मी वहीत तिन्ही नावं लिहिली, खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर द्यायची ठरवली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याबद्दल.

त्या रात्री अकरा चाळीसला तुझा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या छातीत धस्स झालं. तू म्हणालास, “काकू, झोपलात का? ऑर्डर दिलीत का?” मी म्हटलं, नाही, सकाळी देणार आहे. तू मोठा श्वास सोडलास, मला ऐकू आला. आणि म्हणालास, “देऊ नका. माझं चुकलं.”

कारणही लगेच सांगितलंस, न अडखळता. ६५०० एक्सटीला मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, असतात. कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात; त्याच्या ४.० आवृत्तीच्या बोर्डावर त्या चार लेनमधून सेकंदाला ८ जीबीच्या जवळपास माल जातो, ३.०च्या बोर्डावर तोच निम्मा, ४च्या जवळपास. माझा ३७००एक्स प्रोसेसर ४.० जाणतो, तू तो बघितलास आणि गृहीत धरलंस. पण बी४५० बोर्ड ३.०वरच थांबतो. वर त्या कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. खेळाने त्याहून जास्त मागितली की सगळी ये-जा त्या अरुंद वाटेने होणार, आणि तिथेच पुन्हा अडखळायला लागणार. “तुम्ही परत वळणावर अडकला असता काकू, आणि या वेळेला माझ्यामुळे,” असं तू म्हणालास.

मी तुला तेव्हा “बरं झालं सांगितलंस” एवढंच म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. पण तुझ्या ‘माझं चुकलं’ या दोन शब्दांवर मी तेव्हापासून किती विचार केलाय हे तुला सांगायलाच हवं.

तू गप्प बसला असतास तर मला कधीच कळलं नसतं. कार्ड आलं असतं, आधीच्यापेक्षा बरंच चाललं असतं, मी तुला दुवा दिला असता. कधी अडखळलंच तर ‘जुना बोर्ड आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिलं असतं. तू माझ्याकडून एक पैसा घेतला नव्हतास, त्यामुळे तुझ्यावर कसली जबाबदारीही नव्हती. तुझी परीक्षा तोंडावर आली होती. तरीही अंथरुणावर पडल्यावर तुझ्या डोक्यात माझा मदरबोर्ड होता! एका अनोळखी बाईचा, जिला तू पाहिलेलंही नव्हतंस. आणि आठवल्यावर तू सकाळची वाट बघितली नाहीस, कारण सकाळी मी ऑर्डर देणार होते.

आणि तुझं ते सांगणं किती सरळ होतं. त्यात ‘तुम्हीच बोर्डाचं नाव नीट सांगितलं नाहीत’ असं नव्हतं, खरं तर मी ते सांगितलं होतं आणि तू लिहूनही घेतलं होतंस. ‘सगळेच हे कार्ड सुचवतात’ असंही नव्हतं. ज्यांनी माझे पैसे घेतले, माझं वर्ष घेतलं, त्यांना चूक समोर ठेवूनही ते दोन शब्द काढता आले नाहीत. तू नुकसान व्हायच्या आधीच ते स्वतःहून बोललास.

माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. एकदा सातवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर एका उदाहरणाची तिसरी पायरी चुकीची लिहिली. उत्तर योगायोगाने बरोबर आलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्याच वर्गात होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी ते फळ्याकडे गेले, तेच उदाहरण पुन्हा लिहिलं, तिसऱ्या पायरीखाली रेघ ओढली आणि म्हणाले, “काल इथे माझं चुकलं होतं. वह्या काढा आणि दुरुस्त करा.” चाळीस मुलं वह्या काढून खोडत होती. मला तेव्हा लाज वाटली होती, आपले बाबा सगळ्यांसमोर असं का म्हणतात म्हणून. तुझा फोन ठेवल्यावर मला तो फळा दिसला, हाताला खडू लागलेले बाबा दिसले. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखं बोलणारं माणूस मला या वयात, एका ग्राफिक्स कार्डाच्या निमित्ताने भेटेल असं वाटलं नव्हतं.

माणसाचा भलेपणा मला अशाच ठिकाणी खरा वाटत आलाय, जिथे तो दाखवायची काही गरज नसते आणि बघायला कुणी नसतं. चांगला डॉक्टर, चांगला गवंडी, चांगली शिक्षिका, सगळ्यांचं एक असतं बघ: आपल्याकडून निघालं तरी आपलं काम त्यांच्या डोक्यातून निघत नाही. तुझं वय बावीस. हे तुला कुणी शिकवलं असेल तर त्यांनाही माझा नमस्कार सांग. तुझ्या आत्याला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तो लहानपणापासून असाच आहे, झोपेतून उठून विचारायचा, मी दार लावलं का?”

पुढचं सगळं भराभर झालं. त्याच बजेटात ८ जीबीचं आरएक्स ६६०० बसवायचं तर ते वापरलेलंच घ्यावं लागणार होतं. त्याला आठ लेन, म्हणजे माझ्या जुन्या बोर्डावरही त्याला तेवढीच रुंद वाट मिळते जेवढी ६५०० एक्सटीला ४.०च्या नव्या बोर्डावर मिळाली असती; वीज १३२ वॉट, आठ पिनांची एकच जोडणी. वापरलेलं म्हटल्यावर मी कचरले होते. तेव्हा तू सांगितलंस की १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या डिजिटल नाण्याची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते नाणं काढणं बंद पडलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं विकायला आली. म्हणून कार्ड समोर अर्धा तास खेळ चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि पॉवर सप्लाय मात्र नवाच, त्यात तडजोड नाही. कार्ड बघायला गेले तेव्हा तू व्हिडिओ कॉलवर ती पूर्ण तीस मिनिटं होतास. मला म्हणालास, “पंख्याचा आवाज नीट ऐकू द्या, फोन जवळ न्या.” कार्ड विकणाऱ्या पोरीनेही हसून फोन धरला. तीही भली होती, डबा आणि बिल जपून ठेवलेलं.

स्क्रू मीच फिरवले. तू म्हणालास, तुमचा कॉम्प्युटर आहे, तुम्हीच लावा, मी आहे. कार्ड खाचेत बसताना जो ‘टक’ आवाज झाला तो फोनवर तुला ऐकू गेला आणि तू म्हणालास, “बसलं!” माझे हात घामेजले होते. चालू झाल्यावर पहिल्यांदा मेमरीचं पान उघडलं. ३२००. सोळा जीबी.

जुना पॉवर सप्लाय मी अजून टाकून दिलेला नाही. त्यावरचं लेबल शेजारच्या मुलीला दाखवलं, ती स्वतःसाठी कॉम्प्युटर जुळवतेय. तिच्याकडून तो गुणाकार करून घेतला. माझी वहीही तिला दिली आहे. त्यात ६५०० एक्सटी खोडून शेजारी मी लिहिलंय, ‘माझं चुकलं, रात्री ११.४०’. तिने विचारलं, हे कुणाचं? मी सगळं सांगितलं, फक्त नाव नाही सांगितलं.

तुझा निकाल लागला की कळव. तू काही घेणार नाहीस हे आत्याने आधीच सांगून ठेवलंय, म्हणून आग्रह करत नाही. पण आमच्या शर्यतीत तिसरी गाडी कायम रिकामी असते, तिथे कॉम्प्युटरच कुणालातरी चालवायला बसवतो. दादाशी बोलून ठेवलंय. रविवारी रात्री नऊला ये.

तुझी,
काकू